अतिसक्रिय थायरॉइडच्या दुर्मिळ गुंतागुंती : जुर्जानीपासून आजपर्यंतचा शोध

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनळीला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. मराठी शास्त्रीय परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात; व्यवहारात मात्र थायरॉइड हाच शब्द रूढ झाला आहे. ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त स्राव करू लागली की शरीराचा सारा कारभार घाईने चालू लागतो. भूक चांगली असूनही वजन उतरते, हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, छाती धडधडते. अतिसक्रियतेच्या ज्या विकारात हे सर्वांत अधिक आढळते, त्याला इंग्लंड-अमेरिकेत आयर्लंडच्या ग्रेव्ह्ज यांचे नाव आहे, तर जर्मन भाषक देशांत बासेडो यांचे. इटलीतील अभ्यासकांनी फ्लायानी यांचे नाव पुढे केले. काही इंग्रज ग्रंथकार पॅरी यांचा हक्क सांगतात. १९८३ मध्ये स्वीडनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात या विकारामागचा खरा माणूस कोण, असा प्रश्न विचारणारा लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखातील नावांच्या यादीत पहिले नाव होते इस्माईल अल-जुर्जानी यांचे.

हा वाद केवळ मानाचा नाही. एखादी गोष्ट प्रथम पाहणे, ती लिहून ठेवणे आणि ती इतरांपर्यंत पोहोचवणे ही तीन वेगळी कामे आहेत. अतिसक्रिय थायरॉइडच्या इतिहासात ती बहुधा एकाच माणसाच्या हातून झालेली नाहीत. शिवाय या विकाराचे स्वरूप उलगडत गेले ते नेहमीच्या रुग्णांपेक्षा अपवादात्मक रुग्णांमुळे. ज्याचे डोळे मिटत नाहीत, जो शस्त्रक्रियेनंतर अचानक तापाने फणफणतो, जो पहाटे उठतो तर पायच हलत नाहीत, अशा रुग्णांनी वैद्यांना पुन्हा विचार करायला लावले. दुर्मिळ गुंतागुंतींचा हा इतिहास म्हणूनच संपूर्ण विकाराचाही इतिहास आहे.

जुर्जानी आणि फारसीतील वैद्यक

सय्यद इस्माईल जुर्जानी हे कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेकडील गुर्गान भागातील. अरबी उच्चाराप्रमाणे गुर्गानचे जुर्जान झाले आणि तेच त्यांच्या नावाला चिकटले. हिजरी ५०४ (इ.स. १११०) च्या सुमारास ते ख्वारिज्म येथे गेले आणि ख्वारिज्मशहा कुत्बुद्दीन मुहम्मद याच्या आश्रयास राहिले. या राजाला अर्पण केलेला त्यांचा ग्रंथ म्हणजे ‘जखीरा-ए-ख्वारिज्मशाही’. त्या काळी वैद्यकाची भाषा अरबी होती. इब्न सिना यांचा ‘कानून’ अरबीत होता, राझी यांचा ‘हावी’ही अरबीत. जुर्जानींनी मात्र फारसीत लिहिले. फारसीत वैद्यकीय लेखन त्यांच्यापूर्वीही झाले होते. पण इतका विस्तृत, सर्व शाखांना कवेत घेणारा फारसी वैद्यकीय ज्ञानकोश पहिलाच. पुढे त्यांनी ‘खुफ्फी-ए-अलाई’ नावाचे संक्षिप्त पुस्तकही रचले. घोडेस्वाराला बुटात खोचून नेता यावे म्हणून ते दोन लांबट खंडांत लिहिले होते. ‘खुफ्फ’ म्हणजे असे पायताण. ज्ञान लोकांच्या भाषेत आणि हाताशी असावे, ही या वैद्याची धारणा त्यातून दिसते. हिजरी ५३१ (इ.स. ११३६) च्या सुमारास मर्व येथे त्यांचे निधन झाले.

याच ‘जखीरा’त गळ्याची गाठ, हृदयाची धडधड आणि डोळ्यांचे पुढे येणे यांचा परस्परसंबंध नोंदलेला आहे, असे वैद्यक-इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. युरोपात ही जोडणी होण्यास आणखी सहाशे वर्षांहून अधिक काळ जायचा होता.

जुर्जानींच्या आधी सुमारे शतकभर, अंदलुसमध्ये अबुल कासिम अज-जहरावी (मृत्यू इ.स. १०१३ च्या सुमारास) यांनी ‘तस्रीफ’ या ग्रंथाच्या शस्त्रक्रियाविषयक तिसाव्या भागात गलगंडाचा विचार केला होता. गळ्याच्या या मोठ्या गाठीला त्यांनी ‘गळ्याचा हत्ती’ अशा अर्थाचे नाव वापरले. गाठींचे प्रकार त्यांनी वेगळे केले आणि जी गाठ फुगलेल्या धमनीसारखी भासते तिला शस्त्र लावू नये, असा इशारा दिला. अतिसक्रिय थायरॉइडमध्ये ग्रंथीचा रक्तपुरवठा पुष्कळ वाढतो आणि अशी ग्रंथी कापणे धोक्याचे असते, हे आज माहीत आहे. जहरावींच्या मनात नेमका हाच विकार होता असे म्हणता येत नाही. पण त्यांचा सावधपणा अनुभवातून आलेला होता, हे निश्चित.

दोन्ही ग्रंथांचे पुढचे भवितव्य मात्र भिन्न झाले. ‘तस्रीफ’च्या शस्त्रक्रिया भागाचे बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी लॅटिनमध्ये भाषांतर केले आणि तो युरोपच्या अभ्यासक्रमात शिरला. ‘जखीरा’ फारसीत असल्यामुळे त्या भाषांतराच्या ओघात आला नाही. तो पूर्वेकडे वाचला गेला: इराणात, मध्य आशियात आणि भारतात. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात त्याचे उर्दू भाषांतर छापले. हैदराबादसारख्या केंद्रांत तिब्बे यूनानीची जी परंपरा टिकली, तिच्या वाचनात हे ग्रंथ होते. पण त्या एका नोंदीचा धागा उचलून, आणखी रुग्ण तपासून, ग्रंथीच्या कार्याचा प्रश्न कोणी विचारला असे दिसत नाही. पाहणे आणि लिहिणे ही दोन कामे झाली, तिसरे राहिले.

बाथ, डब्लिन, मर्सेबर्ग

हे केवळ पूर्वेतच घडले असे नाही. इंग्लंडमधील बाथ या गावी केलेब हिलियर पॅरी यांनी १७८६ मध्ये गळ्याची गाठ, तीव्र धडधड आणि पुढे आलेले डोळे असलेली एक स्त्री तपासली. पॅरी हे देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांचे स्नेही. जेन्नर यांनी १७९८ चा आपला प्रसिद्ध प्रबंध त्यांनाच अर्पण केला आहे. पॅरींनी पुढे असे आणखी रुग्ण पाहिले आणि टिपणे ठेवली, परंतु ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. १८२२ मध्ये ते वारले आणि १८२५ मध्ये त्यांच्या मुलाने ती प्रसिद्ध केली. पहिला रुग्ण आणि छापील पान यांत ३९ वर्षांचे अंतर पडले. दरम्यान इटलीत फ्लायानी यांनी १८०२ मध्ये व तेस्ता यांनी १८१० मध्ये गाठ आणि हृदयविकार यांच्या एकत्र येण्याची नोंद केली होती.

डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये धडधड आणि गलगंड असलेल्या तीन स्त्रियांविषयी आपल्या व्याख्यानात सांगितले आणि ते व्याख्यान लंडनच्या नियतकालिकात छापून आले. ग्रेव्ह्ज उत्तम शिक्षक होते. रुग्णशय्येशेजारी विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत त्यांनी आयर्लंडमध्ये रुजवली आणि त्यांची व्याख्याने इतर देशांतही वाचली जात. पॅरिसचे आर्मां त्रूसो यांनी या विकाराला ग्रेव्ह्ज यांचे नाव देण्याचा पुरस्कार केला, त्यामागे हेही एक कारण होते. नाव टिकले ते ज्याचे शिकवणे दूरवर पोहोचले त्याचे.

१८४० मध्ये जर्मनीतील मर्सेबर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी गाठ, धडधड आणि डोळे या तिन्ही लक्षणांची स्पष्ट सांगड घातली. म्हणूनच त्यांना ‘मर्सेबर्गची त्रयी’ असे नाव मिळाले. त्यांच्या वर्णनात डोळ्यांना मोठे स्थान आहे. बुबुळे इतकी पुढे आलेली की पापण्या मिटत नाहीत आणि रुग्ण उघड्या डोळ्यांनी झोपतो, अशी ती अवस्था होती. अशा डोळ्यांचा पृष्ठभाग कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि क्वचित दृष्टीही जाते. बहुसंख्य रुग्णांत डोळ्यांचा त्रास सौम्य असतो. दृष्टी धोक्यात येण्याइतका तीव्र विकार थोड्यांनाच होतो. पण त्या थोड्यांनीच विचारलेला प्रश्न शंभर वर्षे अनुत्तरित राहिला: गळ्यातल्या ग्रंथीचा डोळ्यांच्या खोबणीशी संबंध काय?

ग्रंथीचे गुपित

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पुष्कळ वैद्य हा विकार मज्जासंस्थेचा किंवा हृदयाचा मानत. थायरॉइड ग्रंथी नेमके काय करते हेच माहीत नव्हते. उत्तर आले ते उलट दिशेने. बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी गलगंडाची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की मृत्यूचे प्रमाण अखेरीस १ टक्क्याच्या खाली आले. या कार्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु १८८३ मध्ये त्यांनीच प्रांजळपणे जाहीर केले की, संपूर्ण ग्रंथी काढलेले अनेक रुग्ण पुढे सुस्त, सुजट आणि मंदबुद्धी झाले. ग्रंथी नसली की माणूस मंदावतो, हे त्यातून कळले. १८८६ मध्ये लाइपझिगचे पाउल मोबियस यांनी याचे दुसरे टोक मांडले: बासेडो यांचा विकार म्हणजे ग्रंथीचे अतिकार्य होय. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून मंदावलेल्या रुग्णाला बरे केले. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. विकाराचे कारण आता गळ्यातच असल्याचे ठरले.

वादळ आणि आयोडीनचे कोडे

कारण कळले तरी मृत्यू थांबले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी अतिसक्रिय ग्रंथीवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एक भयंकर अनुभव येई. शस्त्रक्रिया नीट पार पडे. पण काही तासांत रुग्णाला तीव्र ताप चढे, नाडी मोजता येणार नाही इतकी धावे, तो बरळू लागे आणि एक-दोन दिवसांत दगावे. यालाच पुढे ‘थायरॉइडचे वादळ’ म्हटले गेले. भीतीनेही ते उठते असे वाटल्यामुळे क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल यांनी एक विलक्षण युक्ती योजली. शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी हे रुग्णाला सांगायचेच नाही. उपचार म्हणून रोज काहीतरी हुंगायला द्यायचे, आणि एके दिवशी खरी भूल देऊन ग्रंथी जणू ‘चोरायची’.

खरा उपाय आयोडीनने दिला. १८११ मध्ये फ्रान्सच्या बेर्नार कुर्त्वा यांनी समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन शोधले. १८२० मध्ये जिनीव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले आणि लवकरच काही रुग्ण खंगू लागले, त्यांना धडधड सुरू झाली, हेही नोंदवले. आयोडीनमुळे अतिसक्रियता उद्भवते या दुर्मिळ गुंतागुंतीची ही सुरुवातीची नोंद होय. याच्या अगदी उलट अनुभव १८६० च्या दशकात त्रूसो यांना आला. एका रुग्ण स्त्रीस हृदयासाठी डिजिटॅलिस लिहिण्याऐवजी त्यांच्या हातून आयोडीनचा अर्क लिहिला गेला. दोन आठवड्यांत तिची नाडी शांत झाली. चूक ध्यानात येऊन औषध बदलताच नाडी पुन्हा धावू लागली. त्रूसोंनी हा प्रसंग लपवला नाही, विद्यार्थ्यांना सांगितला. तरी त्याचा पद्धतशीर उपयोग व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. मेयो क्लिनिकचे हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आयोडीनचे द्रावण देण्याची रीत घातली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वादळाचे मृत्यू झपाट्याने उतरले.

एकच पदार्थ आग लावतो आणि विझवतोही, हे कोडे १९४८ मध्ये वुल्फ आणि चायकॉफ यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी सोडवले. आयोडीनची मोठी मात्रा ग्रंथीचे काम काही दिवस थांबवते. पण ज्या जुन्या गाठाळ ग्रंथीचा काही भाग शरीराचे नियंत्रण जुमानत नाही, तिला आयोडीन मिळाले की ती जास्तच स्राव करते. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पावात आयोडीन घालू लागल्यावर तेथे अतिसक्रियतेचे रुग्ण काही वर्षे वाढले. ते मुख्यतः जुना गलगंड असलेले, चाळिशी ओलांडलेले लोक होते. काही वर्षांत ही लाट ओसरली. भारतात थेट आहारासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास १७ मे २००६ पासून बंदी आहे. टास्मानियाचा अनुभव या धोरणाविरुद्ध जात नाही. लाखो बालकांच्या मेंदूची वाढ वाचवणाऱ्या उपायाची ही लहान आणि तात्पुरती किंमत होती. मात्र जुना गलगंड असलेल्या वृद्धांकडे लक्ष ठेवावे, एवढे त्यातून शिकायचे.

आज वादळ शस्त्रक्रियेमुळे क्वचितच उठते. बहुधा ते जंतुसंसर्ग, बाळंतपण, अपघात किंवा औषध अचानक बंद करणे यांनंतर उठते. १९९३ मध्ये बर्च आणि वार्टॉफ्स्की यांनी ताप, नाडी, मेंदू, पचनसंस्था व यकृत, हृदय यांच्या अवस्थेला गुण देण्याची पद्धत मांडली. ४५ वा अधिक गुण झाल्यास वादळ समजून उपचार करावेत, असा तिचा संकेत. जपानमधील देशव्यापी पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.२ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी १० टक्क्यांहून थोडे अधिक दगावले. अतिदक्षता विभागांच्या काळातही हे प्रमाण आहे, यावरून या गुंतागुंतीची तीव्रता ध्यानात यावी.

पहाटेचा पक्षाघात

१९०२ मध्ये जर्मन वैद्य रोझेनफेल्ड यांनी बासेडोच्या विकारासोबत हातापायांचा अचानक पक्षाघात झालेल्या रुग्णाचे वर्णन केले. युरोपात असे रुग्ण इतके विरळ होते की ही नोंद एक विचित्र अपवाद मानली गेली. चित्र बदलले ते आशियातून. १९५७ मध्ये जपानचे ओकिनाका व सहकाऱ्यांनी दाखवले की अतिसक्रिय थायरॉइडच्या पुरुष रुग्णांपैकी ८.२ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी केवळ ०.४ टक्क्यांना असे झटके येतात. १९६७ मध्ये हाँगकाँगच्या मॅकफॅडझीन व युंग यांनी तेथील चिनी पुरुष रुग्णांत हे प्रमाण १३ टक्के असल्याचे नोंदले. उत्तर अमेरिकेत मात्र ते ०.१ ते ०.२ टक्के एवढेच आहे. भारतातील रुग्णालयांतूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

म्हणजे ‘दुर्मिळ’ हा शब्द कोणत्या गावी बसून उच्चारला यावर अवलंबून असतो. बर्लिनमध्ये जे नवल, ते हाँगकाँगमध्ये नेहमीचे दुखणे. पाठ्यपुस्तके जेथे लिहिली जातात तेथील रुग्णसंख्येवरून जगाचे माप काढले, तर इतरत्रचा रुग्ण निसटतो.

या झटक्याचे स्वरूप ठरावीक आहे. रुग्ण बहुधा २० ते ४० वर्षांचा पुरुष. आदल्या दिवशी भरपूर श्रम झालेले, किंवा रात्री भात, गोडधोड असे भरपेट पिष्टमय जेवण झालेले. पहाटे जाग येते तेव्हा पाय उचलत नाहीत. शुद्ध पूर्ण असते, संवेदनाही असतात. काही तासांत शक्ती आपोआप परतते. म्हणून घरचे लोक कधी वाताचा झटका समजतात, कधी दृष्ट लागली म्हणतात, कधी काम टाळण्याचे सोंग मानतात. वस्तुतः रक्तातील पोटॅशियम एकाएकी स्नायूंच्या पेशींत ओढले जाते. ते शरीराबाहेर जात नाही, जागा बदलते. पोटॅशियम पेशीत ओढणारा पंप १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी शोधला (नोबेल पारितोषिक १९९७). थायरॉइडचे संप्रेरक आणि जेवणानंतरचे इन्सुलिन हा पंप जोरात चालवतात. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही रुग्णांत स्नायूंतील पोटॅशियमच्या एका वाहिनीत जन्मजात दोष असल्याचे दाखवले. या अवस्थेत पोटॅशियम फार घाईने दिले, तर झटका ओसरताना ते रक्तात अति होऊन हृदय थांबण्याचा धोका असतो. रक्ताची साधी तपासणी झाली नाही तर रोगही ओळखू येत नाही आणि उपचारही चुकतो. थायरॉइड आटोक्यात आला की झटके थांबतात.

वादळाच्या विरुद्ध टोकाचा प्रकार १९३१ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद फ्रँक लेही यांनी मांडला. काही वयस्क रुग्णांत थरथर, चिडचिड, मोठे डोळे यांपैकी काहीच नसते. ते निमूट, थकलेले, खंगलेले असतात. अशांना म्हातारपण किंवा खिन्नता म्हणून सोडून दिले जाते. पुष्कळदा हृदयाचे ठोके पूर्ण अनियमित होणे किंवा हृदय निकामी होऊ लागणे, हेच पहिले चिन्ह असते. घरातील आजोबा ‘वयामुळे’ गप्प झाले, या समजुतीत बरा होणारा रोग दडलेला असू शकतो.

औषधांचे युग आणि त्याची किंमत

१९४१ च्या सुमारास अमेरिकेतील प्रयोगशाळांत काही रसायनांमुळे उंदरांची थायरॉइड ग्रंथी फुगते व तिचा स्राव थांबतो, असे योगायोगाने आढळले. १९४३ मध्ये बोस्टनचे एडविन ॲस्टवुड यांनी अशी रसायने माणसांवर वापरली. कार्बिमाझोल, मेथिमाझोल ही आजची औषधे त्याच वंशातली. पण या औषधांनी स्वतःची एक दुर्मिळ गुंतागुंत आणली. हजारांत थोड्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम नाहीशा होतात. म्हणून या गोळ्या घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा तीव्र दुखू लागला, तर औषध थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे लागते. एरवी किरकोळ वाटणारा घसा अशा रुग्णात प्राणाशी खेळ ठरतो.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमध्ये एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या तरुण वैद्याने भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारले की, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय? या एका प्रश्नातून १९४१ मध्ये किरणोत्सारी आयोडीनचा उपचार सुरू झाला. ग्रंथी आयोडीन स्वतःकडे ओढते. त्यामुळे औषध आपोआप योग्य जागी पोहोचते. भारतात १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागाने मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारले आणि महाराष्ट्रातील व शेजारच्या प्रदेशांतील थायरॉइडच्या रुग्णांना हा उपचार मिळू लागला. गर्भवतीस तो देत नाहीत, आणि डोळ्यांचा विकार असल्यास तो वाढण्याची शक्यता असल्याने आधी विचार करावा लागतो.

डोळ्यांचे जुने कोडे सुटू लागले ते १९५६ मध्ये. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन येथे ॲडम्स आणि पर्व्हिस यांना ग्रेव्ह्जच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला दीर्घकाळ चेतवणारा एक अनोळखी पदार्थ सापडला. तो प्रतिपिंड असल्याचे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. शरीराची संरक्षणयंत्रणाच ग्रंथीला चुकीचा हुकूम देत असते, आणि तोच हल्ला डोळ्यांमागील ऊतींवरही होतो. म्हणून ग्रंथी शांत झाली तरी डोळे कधी कधी सुधारत नाहीत. धूम्रपानाने हा नेत्रविकार निश्चितपणे बिघडतो. २०२० मध्ये अमेरिकेत टेप्रोट्युमुमॅब या औषधाला नेमक्या या नेत्रविकारासाठी पहिली मान्यता मिळाली. जुर्जानींच्या नोंदीतील तिसऱ्या लक्षणावर मूळ कारणाच्या जवळ जाणारे औषध मिळण्यास नऊशे वर्षे लागली.

प्रथम कोण, यापुढचा प्रश्न

मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक व्यासपीठांवर ‘हे आपल्या पूर्वजांनी आधीच सांगितले होते’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. जुर्जानींच्या बाबतीत त्याला आधार आहे आणि तो विद्यार्थ्यांना सांगितलाच पाहिजे. वैद्यकाच्या इतिहासाची जी पुस्तके ग्रीसमधून थेट युरोपात उडी मारतात, ती अपुरी आहेत. पण त्याच श्वासात हेही सांगावे लागेल की जुर्जानींना ग्रंथीचे कार्य माहीत नव्हते, संप्रेरक ही कल्पनाच तेव्हा नव्हती, आणि त्यांच्या नोंदीवर पुढचा मजला त्यांच्या परंपरेने चढवला नाही. पॅरींची टिपणे घरात पडून राहिली, जुर्जानींची नोंद ग्रंथात. दोघांच्याही बाबतीत उणीव पाहण्याची नव्हती. पुढच्या माणसाने ते वाचून नवा रुग्ण तपासण्याची होती. कोखर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियांचे वाईट परिणाम जाहीर केले, त्रूसोंनी स्वतःची चूक वर्गात सांगितली, हर्ट्झ यांनी भर सभेत प्रश्न विचारला. विज्ञान पुढे सरकले ते अशा सवयींमुळे. या सवयी कोणत्याही एका धर्माच्या वा खंडाच्या मालकीच्या नाहीत, आणि जुर्जानींच्या काळात त्या बगदाद, बुखारा व मर्व येथेही होत्या.

हा इतिहास महाविद्यालयात शिकवताना त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. थायरॉइडचा अतिस्राव तरुण वयात, विशेषतः मुलींत, पुष्कळदा सुरू होतो. जिचे वजन खाऊनपिऊन उतरते आहे, जिचा हात लिहिताना थरथरतो, जी अलीकडे चिडकी आणि अस्वस्थ झाली आहे, तिच्याविषयी परीक्षेचा ताण, अशक्तपणा किंवा घरातील तंटा असे निदान वर्गातच होऊन जाते. सकाळच्या तासाला पायांत बळ नव्हते म्हणून न आलेला मुलगा आळशी ठरतो. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. पण घरच्यांना एकदा रक्ततपासणी करून घ्या एवढे सांगणे त्याच्या हातात आहे. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत अशांनी रमजानमध्ये त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सहर आणि इफ्तार यांच्या वेळांत त्या कशा बसवायच्या हे महिना लागण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, कारण अचानक खंडित झालेले औषध हे वादळाचे एक परिचित कारण आहे.

जुर्जानींनी आपले ज्ञान दरबाराच्या विद्वान अरबीऐवजी लोकांच्या फारसीत आणले आणि प्रवाशाच्या बुटात मावेल असे पुस्तकही केले. त्यांच्या वारशाचा हा भाग आजही पुढे नेता येण्याजोगा आहे. थायरॉइडविषयीची ही माहिती मराठीत आणि उर्दूत, वर्गातल्या मुलीच्या आईला समजेल अशा शब्दांत सांगितली जाणे, हे नऊशे वर्षांपूर्वी राहून गेलेले तिसरे काम होय.